चार खेळ्यांचा डाव



वसंत ऋतूतल्या या व्याख्यानमालेत राजकारण, अर्थकारण, वेदान्त, विज्ञान अशा भारदस्त विषयांची रेलचेल असते. त्या पंक्तीत बुद्धिबळाच्या एका डावाचे पान मांडायचे म्हणजे जरा धाडसच. त्यातून आम्ही निवडलेला डाव कोणा जगज्जेत्याचा नाही. तो हौशी खेळाडूंचा आहे. तो लांबलचकही नाही. पांढऱ्याच्या चार आणि काळ्याच्या चार अशा आठ खेळ्यांत तो आटोपला. आमचे प्रास्ताविक संपेपर्यंत तो सहज दोनदा खेळून होईल. तेव्हा आपल्यापैकी कोणी मनात म्हणत असेल, की एवढ्याशा डावावर तासभर बोलण्यासारखे आहे तरी काय?

प्रश्न रास्त आहे, आणि उत्तरही सुरुवातीलाच देऊन ठेवतो. हार माणसाची एकट्याची असते. पण हारेतून उठणे सर्वस्वी एकट्याच्या हाती नसते. त्यासाठी पुढचा डाव कोणीतरी मांडून ठेवलेला असावा लागतो. एवढेच आम्हांला आज सांगायचे आहे. ते सांगायला या चार खेळ्यांइतका चांगला दाखला आमच्या पाहण्यात नाही.

प्रथम 'हौशी' या शब्दाविषयी थोडेसे. आपल्याकडे हौशी म्हटले की काहीसे कच्चे, काहीसे गंमतीखातर केलेले, असा अर्थ मनात येतो. हौशी नाटक म्हणजे पडदा वेळेवर पडला नाही तरी प्रेक्षकांनी सांभाळून घ्यायचे नाटक! बुद्धिबळात या शब्दाला निराळे वजन आहे. ज्याचे पोट या खेळावर नाही तो हौशी. मग त्याचा खेळ कच्चा असो की पक्का. १८५१ साली लंडनला पहिली आंतरराष्ट्रीय स्पर्धा भरली. ती जिंकणारा आडोल्फ आंडरसेन हा ब्रेस्लाऊ शहरी गणित शिकवणारा शाळामास्तर होता. हॉलंडचा मॅक्स युवे याने १९२८ साली हेगला हौशी खेळाडूंचे जगज्जेतेपद मिळवले, आणि १९३५ साली अलेखिनसारख्या बलाढ्य खेळाडूला साडेपंधरा विरुद्ध साडेचौदा गुणांनी हरवून तो खराखुरा जगज्जेता झाला. तोही अ‍ॅमस्टरडॅमला मुलींच्या शाळेत गणित शिकवीत असे. तेव्हा हौशीपणा म्हणजे कमीपणा, ही समजूत आपण दाराबाहेर ठेवू.

अर्थात सगळेच हौशी काही आंडरसेन किंवा युवे नसतात. आम्ही सामान्य हौशी मंडळी कचेरी, दुकान, शाळा, शेती सांभाळून खेळतो. शनिवारी रात्रीची गाडी पकडायची, परगावच्या कुठल्याशा मंगल कार्यालयात किंवा शाळेच्या सभागृहात रविवारभर पटावर वाकून बसायचे, आणि सोमवारी सकाळी हजेरीपटावर सही करायला वेळेवर पोहोचायचे. बक्षीस मिळालेच, तर गाडीभाडे सुटते. घरची माणसे विचारतात, "यात तुम्हांला मिळते काय?" या प्रश्नाला आजवर एकाही हौशी खेळाडूला घरच्यांचे समाधान होईल असे उत्तर देता आलेले नाही. तरी पुढच्या महिन्यात तो पुन्हा पिशवी भरतो.

आता स्पर्धेतला डाव आणि ओट्यावरचा डाव यांत फरक काय, ते पाहू. पट तोच, मोहरी तीच, नियमही बहुतेक तेच. परंतु ओट्यावरच्या डावात एक शब्द फार मोलाचा असतो; तो म्हणजे 'परत घेतो'. वजीर चुकून माऱ्यात गेला, की आपण कपाळावर हात मारतो, समोरचा उदारपणे हसतो, आणि वजीर आपल्या घरी परत येतो. भोवती उभी असलेली चार माणसे "अरे, घोडा घाल, घोडा!" म्हणून ओरडत असतात. डाव हरला तरी तो नेमका कोणी हरला, हे सांगणे कठीण, कारण निम्म्या खेळ्या शेजाऱ्यांच्या असतात.

स्पर्धेत या सोयी नाहीत. तेथे तीन गोष्टी नव्याने येतात. पहिली म्हणजे स्पर्शाचा नियम. खेळण्याच्या हेतूने ज्या मोहऱ्याला बोट लागले, ते हलवलेच पाहिजे. मोहरे नुसते घरात नीट बसवायचे असेल, तर तसे आधी बोलून दाखवावे लागते. दुसरी गोष्ट घड्याळ. १८५१ च्या लंडनच्या स्पर्धेत वेळेला बंधन नव्हते. एलायजा विल्यम्स नावाचा खेळाडू इतका रेंगाळे, की त्याच्याविरुद्ध खेळलेल्या स्टाँटनने पुढे कडवट तक्रार केली. १८६१ साली आंडरसेन आणि कोलिश यांच्या सामन्यात वाळूची घटिकायंत्रे मांडली गेली, आणि १८८३ साली लंडनच्या स्पर्धेत दोन तबकड्यांचे जोडघड्याळ आले. तेव्हापासून विचार करायलाही हिशेबाने वेळ मिळू लागला. तिसरी गोष्ट म्हणजे नोंद. प्रत्येक खेळी स्वतःच्या हाताने कागदावर लिहायची, आणि शेवटी निकालाखाली दोघांनीही सही करायची.

या तीन गोष्टींनी खेळाचे रूपच पालटते. स्पर्शाचा नियम सांगतो, की तुझ्या हाताने जे केले ते तुझे. घड्याळ सांगते, की ठरवायला अनंत काळ मिळणार नाही. आणि नोंद सांगते, की तू जे केलेस ते राहील. पत्त्यांच्या खेळात हात वाईट आला म्हणता येते. क्रिकेटमध्ये खेळपट्टीला, पंचांना, पावसाला बोल लावता येतो. पटावर दोघांना सोळा-सोळा मोहरी सारखीच मिळतात, सगळी उघड्यावर असतात, काही झाकलेले नसते. म्हणून पटावरची हार अंगाला फार झोंबते. तेथे सबब सांगायला जागाच उरत नाही.

एवढी पार्श्वभूमी ध्यानात ठेवून आता आमच्या डावाकडे या. साल १९३३, महिना जून. इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर फोकस्टन नावाचे समुद्रकाठचे गाव आहे. तेथे राष्ट्रांच्या संघांची बुद्धिबळ स्पर्धा भरली होती. १९२४ साली पॅरिसला जागतिक बुद्धिबळ महासंघ स्थापन झाला, आणि त्याच्या वतीने १९२७ पासून या सांघिक स्पर्धा सुरू झाल्या. त्यांनाच आपण आज ऑलिंपियाड म्हणतो. फोकस्टनची स्पर्धा पाचवी. फ्रान्सच्या पहिल्या पटावर तेव्हाचा जगज्जेता अलेखिन बसला होता. त्याच संघात मार्सेल द्युशां हा चित्रकार होता. कलेच्या जगात नाव गाजत असताना हा गृहस्थ बुद्धिबळाच्या नादी लागला होता. इंग्लंडच्या पहिल्या पटावर आपल्या पंजाबातला सुलतान खान होता. त्याच्याकडे आपण पुढे वळणार आहोत. स्पर्धा अमेरिकेच्या संघाने जिंकली.

या दिग्गजांच्या मेळ्यात स्कॉटलंडचाही एक संघ आला होता. त्यात रॉबर्ट कोम्ब नावाचा विशीतला तरुण होता, उत्तर स्कॉटलंडमधल्या एल्गिन गावाकडचा. त्याची गाठ पडली लाटव्हियाच्या वोल्फगांग हाझेनफुसशी. पांढरी मोहरी कोम्बकडे होती.

श्रोत्यांपैकी ज्यांना खेळ येतो त्यांनी डोळ्यांपुढे पट मांडावा; ज्यांना येत नाही त्यांनी फक्त वाटा कशा मोकळ्या होतात तेवढे पाहावे. कोम्बने वजिरापुढचे प्यादे दोन घरे पुढे सारले. हाझेनफुसने आपल्या वजिराकडच्या उंटापुढचे प्यादे दोन घरे पुढे टाकून त्याला भिडवले. कोम्बने ते मारले नाही. आपलेही वजिराकडच्या उंटापुढचे प्यादे दोन घरे पुढे केले. मग काळ्याने पांढऱ्याचे मधले प्यादे मारले. तिसऱ्या खेळीला कोम्बने राजाकडचा घोडा बाहेर काढला आणि त्या मारकऱ्या प्याद्यावर नेम धरला. हाझेनफुसने राजापुढचे प्यादे दोन घरे पुढे करून आपल्या प्याद्याला जोर दिला. येथवर सारे सरळ आहे. कोणाही शहाण्या माणसाने खेळाव्यात अशाच या खेळ्या आहेत.

आता पटावर एक मोठे मोहाचे दृश्य उभे राहिले. जोर द्यायला आलेले जे काळे प्यादे, त्याला स्वतःला मात्र कोणाचाच जोर नव्हता. पांढरा घोडा एका उडीवर उभा. प्यादे फुकटात पदरात पडत होते. कोम्बने घोड्याने ते मारले. आणि हाझेनफुसचा वजीर तिरपा निघून थेट पटाच्या डाव्या कडेला जाऊन बसला. शह! त्या एका घरावरून वजिराचा एक डोळा तिरप्या रेषेत पांढऱ्या राजावर होता, आणि दुसरा आडव्या रेषेत त्या घोड्यावर. राजाचा शह वारणे भाग. वारला की घोडा गेला. मध्ये काहीही घातले तरी घोडा वाचत नाही. कोम्बने डाव सोडला. चार खेळ्या! ऑलिंपियाडमधल्या सर्वांत छोट्या निकाली डावांत त्याची गणना आजही होते.

ही चूक झाली कशी, हे पाहण्याजोगे आहे. वजिराची ती तिरपी वाट काळ्याच्या पहिल्याच खेळीने मोकळी झाली होती. पांढऱ्या राजाकडे येणारी वाट पांढऱ्याच्या पहिल्याच खेळीने उघडली होती. आडवी ओळ मोकळी झाली ती काळ्याच्या प्याद्याने मधले प्यादे मारले तेव्हा. तिन्ही खेळ्या अगदी निर्दोष. पण तीन निर्दोष खेळ्यांनी उघडलेल्या तीन वाटा एका घरावर येऊन मिळाल्या, आणि त्या नाक्यावर वजीर येऊन उभा राहिला. संकट असे हळूहळू जमते; एकेक पाऊल पाहावे तर कुठे बोट ठेवायला जागा नसते. शेवटच्या क्षणी विचारायचा प्रश्न एकच होता: "समोरच्याने हे प्यादे मला का दिले?" समोरचे फळ दिसले की तोडायला हात पुढे होतो, फांदी कोणी वाकवून धरली आहे, हे पाहायला मान वर होत नाही. हा दोष बुद्धीचा कमी आणि लक्षाचा अधिक.

कोणी म्हणेल, की शेवटी हौशीच तो. त्याच्याकडून दुसरे काय होणार? तर तसेही नाही. १८९२ साली हवानाला श्टाइनिट्स आणि चिगोरिन यांच्यात जगज्जेतेपदाचा सामना झाला. तेविसाव्या डावात चिगोरिनकडे एक मोहरे जास्त होते, डाव त्याच्या हाती आला होता. त्याने आपल्या राजाजवळच्या घराचे रक्षण करणारा उंट उचलून दुसरीकडे ठेवला, आणि दोन खेळ्यांत मात होण्याची वाट उघडली. त्या एका उंटाबरोबर सामनाही गेला. २००६ साली जर्मनीत बॉन शहरी जगज्जेता क्रामनिक संगणकाशी खेळत होता. एका खेळीत मात बसते आहे हे त्याला दिसले नाही, आणि ती मात बसली. ज्यांनी आयुष्य या चौसष्ट घरांत घालवले, त्यांची ही कथा! तेव्हा चूक ही अज्ञानाची खूण आहे असे मानण्याचे कारण नाही. जो खेळतो तो चुकतो. जो कधीच चुकत नाही तो बहुधा कडेला उभा राहून सल्ले देणारा असतो.

कोम्बच्या वागण्यातली एक गोष्ट आम्हांला मानाची वाटते. घोडा गेला म्हणून राजा लगेच पडत नाही. आणखी तीस-चाळीस खेळ्या रेटता आल्या असत्या. समोरचाही माणूसच, तोही कुठे चुकला असता. निदान डाव लांबला असता, तर चार खेळ्यांत हरल्याचे नाव तरी टळले असते. त्याने तसे केले नाही. जे झाले ते झाले, असे मानून त्याने डाव सोडला, आणि तो कागद इतिहासात गेला. लिहिलेल्या नोंदीचा हाच निष्ठुरपणा. त्या स्पर्धेत डाव शेकड्यांनी खेळले गेले. त्यांतले कित्येक उत्तम असतील, पण आज ते अभ्यासकांखेरीज कोणाला ठाऊक नाहीत. हा चार खेळ्यांचा डाव मात्र नव्वद वर्षांहून अधिक काळ लोकांच्या करमणुकीसाठी पुस्तकांतून छापला जात आहे.

कथा येथे संपली असती, तर तो एक विनोदी चुटका झाला असता, आणि तो सांगण्यासाठी आम्ही आपला वेळ घेतला नसता. पुढे काय झाले ते ऐका. मध्ये दुसरे महायुद्ध झाले. ब्रिटनची राष्ट्रीय अजिंक्यपद स्पर्धा १९३८ नंतर बंद पडली होती, ती युद्ध संपल्यावर १९४६ साली नॉटिंगहॅमला पुन्हा भरली. लंडनचे नाणावलेले खेळाडू मैदानात असताना ती कोणी जिंकली? एल्गिनच्या रॉबर्ट कोम्बने! फोकस्टनला चार खेळ्यांत हरलेला तरुण तेरा वर्षांनी ब्रिटनचा विजेता झाला. १९५२ साली, चाळिशी गाठण्याआधीच, तो वारला. पण विजेत्यांच्या यादीत त्याचे नाव कायमचे कोरले गेले आहे.

यावरून कोणी सहज तात्पर्य काढील, की प्रयत्नांती परमेश्वर, चिकाटी धरा म्हणजे यश मिळेल. हे तात्पर्य खोटे नाही, पण अपुरे आहे, आणि अपुरे तात्पर्य पुष्कळदा अन्यायाचे असते. ते कसे, हे समजण्यासाठी आता सुलतान खानाकडे वळू.

सुलतान खान हा पंजाबातल्या सरगोधा भागातला. जमीनदार सर उमर हयात खान यांच्या पदरी तो होता. त्याचा मूळ खेळ देशी पद्धतीचा. तिच्यात प्यादे एका वेळी एकच घर सरके. म्हणजे आम्ही सांगितलेला चार खेळ्यांचा डाव त्या पद्धतीत होऊच शकला नसता! विलायती नियम तो मोठेपणी शिकला. १९२९ साली तो धन्याबरोबर इंग्लंडला गेला आणि त्याच वर्षी ब्रिटनचे अजिंक्यपद जिंकून बसला. १९३०-३१ च्या हेस्टिंग्जच्या स्पर्धेत त्याने माजी जगज्जेत्या कापाब्लांकाला हरवले. १९३२ साली आणि १९३३ साली ब्रिटनचे अजिंक्यपद पुन्हा त्याचेच. १९३३ च्या हेस्टिंग्जच्या त्या मेळ्यात स्त्रियांचे अजिंक्यपद जिंकणारी फातिमा ही बाईदेखील सर उमर यांच्याच घरातली. असा तो काळ होता.

आणि मग त्याच वर्षाच्या अखेरीस धनी हिंदुस्थानात परतले. त्यांच्याबरोबर सुलतान खानही परतला. १९३५ साली त्याने आपल्या महाराष्ट्राच्या वि. का. खाडिलकरांशी दहा डावांचा सामना खेळला. नऊ डाव जिंकले, एक बरोबरीत सुटला. खाडिलकर काही लेचापेचा खेळाडू नव्हता. यावरून सुलतान खानाचा हात तेव्हा केवढा चालत होता याची कल्पना येईल. परंतु त्यानंतर मोठ्या स्पर्धांच्या नोंदीत त्याचे नाव दिसत नाही. १९६६ साली सरगोध्याला तो वारला. जागतिक महासंघाने त्याला सन्माननीय ग्रँडमास्टर ही पदवी दिली ती २०२४ साली. तो जाऊन अठ्ठावन्न वर्षे झाल्यावर.

आता ब्रिटनच्या विजेत्यांची ती यादी डोळ्यांपुढे आणा. तिच्यात सुलतान खानाचे नाव तीनदा आहे, कोम्बचे एकदा. फोकस्टनच्या त्याच स्पर्धेत दोघेही होते. एक कापाब्लांकाला हरवून आलेला, दुसरा चार खेळ्यांत हरलेला. चिकाटीचे तात्पर्य खरे मानले, तर पुढची तेरा वर्षे कोणाची असायला हवी होती? पण कोम्बच्या देशात सामने होते, स्पर्धा होत्या, युद्धाने मोडलेली स्पर्धा पुन्हा उभी करणारी माणसे होती. त्याला परत येऊन बसायला खुर्ची होती. सुलतान खानाला तशी खुर्ची उरली नाही. त्याच्या बुद्धीत काही उणे पडले नव्हते. उणे पडला तो पुढचा डाव. मोठ्यातला मोठा खेळाडूही समोर पट मांडलेला नसेल, तर नुसता आठवणींचा धनी होतो. आणि साधा, चुकणारा, हरणारा खेळाडू पुढचा डाव मिळत राहिला, तर कुठल्या कुठे जातो. प्याद्याचा फर्जी होतो म्हणतात. पण त्यासाठी प्याद्यापुढची घरे मोकळी असावी लागतात.

म्हणून आम्ही प्रारंभी म्हटले, की हारेतून उठणे एकट्याच्या हाती नसते. आपल्या महाराष्ट्राला हे अगदीच ठाऊक नाही असे नाही. सांगलीला भाऊसाहेब पडसलगीकरांनी नूतन बुद्धिबळ मंडळ उभे केले आणि स्पर्धांची परंपरा घातली. त्या गावातून पुढे भाग्यश्री साठे-ठिपसे यांच्यासारख्या खेळाडू निघाल्या, तो काही पाण्याचा गुण नव्हे. मुंबईच्या वासंती, जयश्री, रोहिणी या खाडिलकर भगिनींनी १९७४ पासून स्त्रियांची राष्ट्रीय अजिंक्यपदे गाजवली. २०२५ साली नागपूरच्या दिव्या देशमुख हिने बातुमी येथे महिलांचा विश्वचषक जिंकला, तेव्हा आपणा सर्वांची छाती अभिमानाने भरून आली. ती योग्यच होती.

पण आज आम्हांला बोलायचे आहे ते जे दिव्या होणार नाहीत, त्यांच्याविषयी. हल्ली मुलांच्या स्पर्धा गावोगावी भरतात. सभागृहाबाहेर आईबाप ताटकळत उभे असतात. मूल बाहेर आले की पहिला प्रश्न ठरलेला: "जिंकलास ना?" मुलाचे उत्तर ऐकण्याआधीच त्याचा चेहरा वाचला जातो. दोन स्पर्धा गुण कमी पडले, मानांकन घसरले, की घरात निकाल लागतो: "याच्यात काही राम नाही, शिकवणीचे पैसे फुकट चालले." दहा वर्षांच्या मुलाचा डाव असा चौथ्या खेळीला बंद होतो. त्याने डाव सोडलेला नसतो. पट आपण उचलून नेलेला असतो.

आमची पालकांना हात जोडून एकच विनंती आहे. निकाल विचारू नका, तो भिंतीवर लागलेलाच असतो. मुलाच्या हातात नोंदीचा कागद असतो, तो मागून घ्या आणि म्हणा, "डाव दाखव पाहू." तुम्हांला खेळ येत नसला तरी चालेल. मूल मोहरी मांडील, एकेक खेळी सांगत जाईल, आणि जेथे चूक झाली तेथे आपोआप थबकेल. त्या थबकण्यात सारे शिक्षण आहे. आता घरोघर यंत्रे आली आहेत. क्षणात ती चूक दाखवतात. कोम्बची चौथी खेळी चुकीची होती हे सांगायला यंत्राला निमिषही लागणार नाही. पण चुकलेल्या मुलाशेजारी बसून राहणे यंत्राला येत नाही. ते माणसानेच करायचे काम आहे.

दुसरी विनंती या गावच्या संस्थाचालकांना. बुद्धिबळाला मैदान लागत नाही, हिरवळ लागत नाही, दिव्यांचे मनोरे लागत नाहीत. सार्वजनिक वाचनालयाची एखादी खोली आठवड्यातून एक संध्याकाळ द्या. चार पट, चार घड्याळे, नोंदीच्या वह्या एवढा संसार पुरे. तेथे शाळकरी मुलगा निवृत्त मास्तरांशी खेळो, कापडाच्या दुकानातला गुमास्ता कॉलेजच्या प्राध्यापकांना हरवो, आणि मुली व बायका संकोच न करता येऊन बसोत, अशी वेळ आणि अशी जागा ठेवा. वर्षातून एकदा छोटी स्पर्धा भरवा. बक्षिसे लहान ठेवा, पण ती दरवर्षी न चुकता भरवा. 'न चुकता' हा शब्द आम्ही मुद्दाम वापरतो. एकदाच थाटात झालेली स्पर्धा विजेत्याच्या कामाची. दरवर्षी होणारी स्पर्धा हरलेल्याच्या कामाची. जो या वर्षी हरला त्याला पुढच्या वर्षाची तारीख ठाऊक असली पाहिजे.

आणि तिसरी विनंती आम्हा हौशी मंडळींनाच, म्हणजे आमच्या आम्हांलाच. आपण बहुतेक जण कधीही कशाचेही विजेते होणार नाही. त्यात खेद मानण्याचे कारण नाही. रविवारभर बसून आपण काय कमावतो, या घरच्यांच्या प्रश्नाला एक उत्तर आता देता येईल असे वाटते. सबंध आठवडा आपण सबबींच्या जगात वावरतो. काम रखडले ते वरच्या साहेबामुळे, गाडी चुकली ती पावसामुळे, व्यवहार बुडाला तो बाजारामुळे. सबबी पुष्कळदा खऱ्याही असतात. पण ज्या माणसाला आठवड्यातून एकदाही 'हे माझ्या हाताने झाले' असे म्हणावे लागत नाही, त्याला ते पुढे म्हणताच येत नाही. पटावर ते म्हणावे लागते. समोरच्याशी हात मिळवायचा, कागदावर सही करायची, आणि पुढच्या फेरीचा पट क्रमांक पाहायला जायचे. ही सवय एकदा लागली, की ती पटापुरती राहत नाही.

सभ्य स्त्रीपुरुषहो, संपत्ती, विद्या, आरोग्य यांच्या वाटणीबद्दल या व्यासपीठावरून पुष्कळ बोलले जाते, आणि ते बोललेच पाहिजे. त्या यादीत आम्ही आज आणखी एका गोष्टीची भर घालू इच्छितो: दुसऱ्या संधीची वाटणी. परीक्षेत नापास झालेला मुलगा, धंद्यात बुडालेला माणूस, संसारात ठेच लागलेली बाई, या सर्वांना चिकाटीचा उपदेश करणारे आपल्याकडे खंडीभर आहेत. त्यांच्यापुढे पुन्हा पट मांडून "बसा, पांढरी मोहरी तुमची" असे म्हणणारे किती आहेत, याचा हिशेब ज्याचा त्याने करावा. त्या हिशेबात आमच्या गावाचे नाव वर यावे, एवढीच आमची इच्छा आहे.